चौदा दिवसांच्या गोळ्या : हिवतापाच्या औषधोपचाराविषयी थोडेसे

(हिवताप प्रतिरोध महिन्यानिमित्त रुग्णालयाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



जून महिना आपल्या राज्यात हिवताप प्रतिरोध महिना म्हणून पाळला जातो. या महिन्यातील व्याख्यानांत डबकी, पिंपे, गप्पी मासे आणि मच्छरदाण्या यांविषयी बोलण्याची प्रथा आहे, आणि ती योग्यच आहे. डासांची पैदास थांबली तर हिवताप पसरणार नाही, हे निर्विवाद. परंतु आज आम्ही डासाविषयी फारसे बोलणार नाही. आज औषधाविषयी बोलावे असे ठरवले आहे. त्यातही विशेषतः एका लहानशा, स्वस्त गोळीविषयी. रुग्णाला बरे वाटू लागल्यानंतरही ती घ्यावयाची असते, आणि म्हणूनच ती बहुधा घेतली जात नाही.

प्रारंभी एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी मुंबईत नोकरी करणारा एक तरुण गौरीगणपतीसाठी गावी आला होता. विसर्जनाच्या दिवशी त्याला हुडहुडी भरली. तीन गोधड्या अंगावर घालूनही थंडी थांबेना. मग ताप चढला आणि शेवटी घामाने अंथरूण भिजले. दुसऱ्या दिवशी त्याला ठणठणीत वाटले, म्हणून घरच्यांनी त्याला दाखवायला आणले नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा तीच हुडहुडी. तेव्हा त्याला आमच्याकडे आणले. रक्ताच्या काचपट्टीवर व्हायव्हॅक्स जातीचे हिवतापाचे जंतू दिसले. आम्ही तीन दिवसांचे क्लोरोक्वीन आणि चौदा दिवसांचे प्रायमाक्वीन दिले. ताप उतरला, तरुण आनंदात मुंबईस परत गेला, आणि आमच्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे 'बरा' असा शेरा पडला.

पुढे शिमगा आला. ग्रामदेवतेची पालखी दारात येण्याच्या आदल्या दिवशी त्याच तरुणाला तशीच थंडी वाजून ताप भरला. घरच्यांचे म्हणणे असे की मुंबईच्या डासांनी त्याला पुन्हा गाठले. तेही अशक्य नव्हते. रक्त तपासून हा ताप जुना की नवा, हे खात्रीने सांगता येत नाही. परंतु मागच्या गोळ्या पूर्ण घेतल्या होत्या का, असे विचारताच त्याच्या आईने पिशवीतून आमचेच कागदी पाकीट काढून पुढे ठेवले. त्यात प्रायमाक्वीनच्या नऊ गोळ्या शिल्लक होत्या. चौदातील तीन त्याने घेतल्या होत्या. उरलेल्या दोन कोठे गेल्या, असे विचारता, दिवाळीच्या सुमारास धाकट्या सुनेच्या अंगात कणकण होती म्हणून तिला दिल्याचे समजले. सून त्या वेळी गरोदर होती.

सुदैवाने त्या माउलीला आणि बाळाला काही अपाय झाला नाही. परंतु ते पाकीट आम्ही उलटून पाहिले तेव्हा त्यावर 'दिवसातून एकदा, जेवणानंतर' एवढेच लिहिलेले आढळले. किती दिवस, कशासाठी, ताप उतरल्यावर काय करावे, गोळ्या उरल्या तर काय करू नये, यांपैकी एकही शब्द त्यावर नव्हता. दोष त्या आईचा नव्हता, तो आमच्या पाकिटाचा होता. आजचे हे व्याख्यान खरे तर तेव्हाच द्यावयास हवे होते.

आता या चौदा दिवसांचे कारण समजून घेऊ. डासाच्या सोंडेतून हिवतापाचे जंतू शरीरात शिरतात ते प्रथम रक्तात राहत नाहीत. थोड्याच वेळात यकृतात जाऊन दडतात. तेथे आठवडाभर, कधी अधिक काळ, ते वाढतात. या काळात माणसाला काहीही जाणवत नाही. नंतर ते सहस्रावधी संख्येने रक्तात उतरतात, तांबड्या पेशींत शिरतात, आतून त्या पोखरतात आणि साधारण अठ्ठेचाळीस तासांनी एकाच वेळी फोडून बाहेर पडतात. त्या क्षणी हुडहुडी भरते. एक दिवसाआड येणाऱ्या तापाचे गणित हे असे आहे. आपल्या आज्या-पणज्या त्याला पाळीचा ताप म्हणत. चरकसंहितेत तृतीयक आणि चतुर्थक असे ज्वराचे भेद सांगितले आहेत, तेही विषमज्वर या नावाखाली. (आज आपण विषमज्वर हा शब्द टायफॉईडसाठी वापरतो, म्हणून जुने ग्रंथ वाचताना गोंधळ होतो.)

क्लोरोक्वीन रक्तातील जंतूंना मारते. ते काम ते वेगाने करते, म्हणून दोन-तीन दिवसांत ताप जातो. परंतु व्हायव्हॅक्स जातीची एक खोड आहे. यकृतात शिरलेल्या जंतूंपैकी काही वाढतच नाहीत. ते तेथेच निद्रिस्त राहतात. काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी, कधी वर्षाच्या आसपास ते जागे होतात आणि नव्या डासाशिवायच ताप पुन्हा सुरू होतो. क्लोरोक्वीनचा या झोपलेल्या जंतूंवर परिणाम होत नाही. परिणाम होतो तो प्रायमाक्वीनचा. त्यासाठी मोठ्या माणसाला रोज १५ मिलिग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे पाव मिलिग्रॅम, असे चौदा दिवस ते द्यावे लागते. सरकारी भाषेत याला समूळ उपचार म्हणतात. मूळ यकृतात आहे, हे ध्यानात घेतले तर हा शब्द अगदी यथार्थ वाटतो. तीन दिवसांत ताप गेला आणि गोळ्या थांबवल्या, तर वरचे गवत कापले, मुळे मात्र जमिनीतच राहिली.

चौदा दिवस हा आकडा कसा रूढ झाला, याची हकीकत आपल्या खलाशीबहुल जिल्ह्याला रुचेल अशी आहे. १९५१-५२ च्या सुमारास कोरियाच्या युद्धातून अमेरिकन सैनिक मायदेशी परतू लागले, आणि घरी पोहोचल्यावर त्यांतील पुष्कळांना पुन्हा पुन्हा हिवताप येऊ लागला. तेव्हा परतीच्या जहाजांवरच प्रत्येकाला रोज १५ मिलिग्रॅम प्रायमाक्वीन, असे चौदा दिवस, देखरेखीखाली देण्यात आले. समुद्रप्रवास लांबचा, माणसे एकाच ठिकाणी, जेवणाची वेळ ठरलेली. गोळी चुकण्याचे कारणच नव्हते. औषध तेच, मात्रा तीच. परंतु तो रुग्ण बोटीवर देखरेखीखाली असतो आणि आपला रुग्ण कोकणकन्येच्या गर्दीत उभा असतो, हा फरक लक्षात घेतला पाहिजे.

प्रायमाक्वीनच्या आधीचा इतिहास फार थोडक्यात सांगतो. सिंकोना वृक्षाच्या सालीतून १८२० साली क्विनाईन वेगळे काढण्यात आले. आपल्याकडील जुनी माणसे त्याला कोयनेल म्हणत, आणि कडू चवीची उपमा देताना अजूनही म्हणतात. लॅव्हरान या फ्रेंच लष्करी डॉक्टरने १८८० साली अल्जेरियात जंतू पाहिला. रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या पोटात त्याची वाढ पाहिली. क्लोरोक्वीन १९३४ साली जर्मनीत तयार झाले, दुसऱ्या महायुद्धानंतर सर्वत्र पसरले. एवढे पुरे.

आपल्या देशापुरते सांगायचे तर स्वातंत्र्याच्या वेळी भारतात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि सुमारे आठ लाख माणसे त्याने दगावत, असा अंदाज आहे. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ साली त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले, आणि डीडीटी व औषधे यांच्या जोरावर १९६५ पर्यंत रुग्णसंख्या एक लाखाच्या आसपास आली. मग ढिलाई झाली. १९७६ साली ती ६४ लाखांवर गेली. १९७७ पासून धोरण बदलावे लागले. २०२३ साली देशात सुमारे २ लाख २७ हजार रुग्णांची नोंद झाली, आणि २०३० पर्यंत हिवताप हद्दपार करण्याचे राष्ट्रीय उद्दिष्ट आहे. महाराष्ट्रात आज या रोगाचा मोठा भार गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यावर आहे, रत्नागिरीवर नाही. हे मान्य करूनच आम्ही बोलत आहोत. परंतु १९६५ नंतर जे घडले ते रुग्ण कमी झाल्यावरच घडले, हे आमच्या पिढीच्या डॉक्टरांना विसरता येत नाही.

रत्नागिरीचा हिवताप हा बराचसा प्रवासाचा हिवताप आहे. गणेशोत्सव पडतो भाद्रपदात, आणि मुंबईत हिवतापाचा जोर असतो तोही पावसाळ्याच्या याच उत्तरार्धात. मुंबईत २०१० साली हिवतापाचे ७६ हजारांहून अधिक रुग्ण आणि १४५ मृत्यू नोंदले गेले. त्या वर्षी गणपतीला घरोघरी आलेल्या चाकरमान्यांबरोबर मोदकांच्या साच्याइतक्याच सहजतेने तापही आला असेल तर नवल नाही. त्यानंतर आंब्याच्या बागा. हंगामाआधी नेपाळमधून राखणदार येतात, बागेतच खोपटात राहतात आणि पावसाच्या तोंडावर परत जातात. मिरकरवाड्यासारख्या बंदरांत मासेमारी नौकांवर परगावचे, परप्रांताचे खलाशी असतात. महामार्गाची आणि इमारतींची कामे चालतात तेथे मजुरांचे तांडे असतात, आणि चिरेखाणींतून पावसाचे पाणी महिनोन्महिने साचून राहते. शेजारच्या गोव्यात बांधकामांबरोबर हिवताप वाढला तेव्हा तेथे बांधकाम मजुरांसाठी रक्ततपासणीसह आरोग्यपत्राची सक्ती करण्यात आली. परगावच्या माणसांनी रोग आणला, असे आम्हांस मुळीच म्हणायचे नाही. ताप मुंबईहून येथे येतो तसा येथून नेपाळपर्यंतही जात असेल. मुद्दा एवढाच की ज्याला चौदा दिवस गोळ्या घ्यायच्या आहेत तो चौदा दिवस एका जागी नसतो.

मासेमारी नौकेवरील एका खलाशाची गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. त्याला व्हायव्हॅक्स हिवताप झाला होता, आणि दोन दिवसांनी नौका समुद्रात जाणार होती. त्याला ठेवून घेणे शक्य नव्हते. तो गेला नसता तर त्याचा हंगामाचा वाटा गेला असता. आम्ही नौकेच्या तांडेलाला बोलावले. वयस्कर गृहस्थ, शिक्षण बेताचे, परंतु शब्दाला जागणारे. गोळ्यांचे पाकीट त्यांच्या हाती दिले, दुपारच्या जेवणाबरोबर रोज एक द्यावी असे सांगितले, आणि लघवीचा रंग काळपट दिसू लागल्यास गोळी लगेच थांबवून बिनतारी यंत्रावर कळवावे, असेही समजावले. त्यांनी विचारले, "आणि दुसऱ्या कुणाक ताप आला तर यातली दिऊ का?" आम्ही म्हटले, "मुळीच नाही." नौका परतल्यावर ते स्वतः रिकामे पाकीट घेऊन आले. त्यांनी केबिनच्या फळीवर पेन्सिलीने रेघा मारून हिशेब ठेवला होता. तेव्हापासून नौकेवरील रुग्णाच्या गोळ्या शक्यतो तांडेलाच्या हाती द्याव्यात, असा आमचा प्रघात आहे.

लघवीच्या रंगाचा उल्लेख केला, तो महत्त्वाचा आहे. काही माणसांच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी नावाचे एक संरक्षक द्रव्य जन्मतःच कमी असते. एरवी त्यांना त्याचा पत्ताही नसतो. परंतु प्रायमाक्वीन घेतल्यावर त्यांच्या तांबड्या पेशी फुटू लागतात, लघवी काळ्या चहासारखी होते, डोळे पिवळे होतात, दम लागतो. हा दोष वैद्यकास कळला तोही १९५६ साली, प्रायमाक्वीनमुळेच. म्हणून शक्य तेथे आधी ही तपासणी करावी आणि ती नसल्यास रुग्णाला ही लक्षणे नीट समजावून सांगावीत. गरोदर स्त्रीला प्रायमाक्वीन देत नाहीत, कारण पोटातील बाळाच्या पेशींत हा दोष आहे की नाही हे कळण्यास मार्ग नसतो. तिला व्हायव्हॅक्स झाला तर क्लोरोक्वीन देऊन ताप आवरतात, समूळ उपचार पुढे ढकलतात. तान्ह्या मुलांनाही ते देत नाहीत. त्या धाकट्या सुनेच्या दोन गोळ्यांनी आमची झोप का उडाली, हे आता आपल्या लक्षात आले असेल.

येथे आणखी एक कबुली द्यावयास हवी. पूर्वी ताप दिसला की रक्ताचा नमुना घेऊन लगेच क्लोरोक्वीनच्या चार गोळ्या देण्याची पद्धत होती. तिला गृहीतोपचार म्हणत. हिवताप आहे असे गृहीत धरून केलेला उपचार. त्या काळच्या राष्ट्रीय धोरणाचाच तो भाग होता आणि आम्हीही ते वर्षानुवर्षे केले. काचपट्टीचा अहवाल यायला आठवडे लागत, तेव्हा त्याला पर्याय नव्हता. आता काही मिनिटांत उत्तर देणारी चाचणी उपलब्ध आहे, आणि राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी गृहीतोपचार सोडून दिला आहे. तरीही दुकानातून चार गोळ्या आणून घेण्याची सवय गेलेली नाही. कोकणात पावसाळ्यातील ताप हा हिवतापच असतो असे नाही. भातशेतीच्या चिखलात काम करणाऱ्यांना लेप्टो होतो, डेंग्यू होतो. लेप्टोच्या रुग्णाने चार दिवस हिवतापाच्या गोळ्यांवर काढले तर मूत्रपिंडे निकामी होईपर्यंत वेळ जातो. म्हणून आधी रक्त, मग गोळी, हा आमचा आग्रह आहे. काचपट्टी रंगवण्याची जी पद्धत आपल्या देशातील प्रयोगशाळांत सर्वत्र वापरली गेली, ती जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी या भारतीय संशोधकांनी १९४४ साली शोधून काढली होती, याचा आम्हांस अभिमान वाटतो. आणि सूक्ष्मदर्शकासमोर मान मोडून बसणाऱ्या आमच्या प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांचा त्याहून अधिक.

आतापर्यंत व्हायव्हॅक्सचे सांगितले. फॅल्सिपेरम ही दुसरी जात. ती यकृतात झोपून राहत नाही, परंतु जीव घेते ती मुख्यतः हीच. तिने ग्रासलेल्या पेशी मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांत चिकटून बसतात आणि रुग्ण पाहता पाहता बेशुद्ध होतो. क्लोरोक्वीनला ती दाद देईनाशी झाली. आपल्या देशात याची पहिली नोंद १९७३ साली आसामात झाली. आज तिच्यावर आर्टेसुनेट आणि त्याच्या जोडीला दुसरे औषध, असा तीन दिवसांचा संयुक्त उपचार देतात. सरकारी केंद्रांत वयोगटानुसार निरनिराळ्या रंगांची पाकिटे मिळतात. सोबत प्रायमाक्वीनची एकच मोठी मात्रा असते, ती झोपलेल्या जंतूंसाठी नव्हे, तर रुग्णाच्या रक्तातून डासाकडे जाणाऱ्या जंतूंना मारण्यासाठी. एकट्या आर्टेसुनेटच्या गोळ्या मात्र कधीही घेऊ नयेत. जंतू त्यालाही सरावले तर आमच्या हाती फारसे काही उरणार नाही.

हे आर्टेसुनेट ज्या वनस्पतीपासून येते ती आपल्या दवण्याची बहीण शोभेल, एकाच कुळातील आणि एकाच प्रजातिगटातील. चीनमध्ये तू योयो या विदुषीने १९७२ साली तिच्यातून हे सत्त्व वेगळे काढले. चौथ्या शतकातील एका चिनी ग्रंथात ती वनस्पती पाण्यात भिजवून पिळून रस घेण्यास सांगितले होते, उकळण्यास नव्हे. त्यावरून उष्णतेने सत्त्व नष्ट होत असावे हे त्यांनी ताडले. २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. (जोतिबाला वाहिलेला दवणा हिवतापावर चालत नाही, हे विचारणाऱ्या एका आजोबांना आम्ही नम्रपणे सांगितले आहे.) अत्यवस्थ रुग्णाला आर्टेसुनेट शिरेतून देतात. भारत, बांगलादेश, म्यानमार आणि इंडोनेशिया येथील १४६१ रुग्णांवर झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात क्विनाईन दिलेल्यांपैकी २२ टक्के दगावले, तर आर्टेसुनेट दिलेल्यांपैकी १५ टक्के. शंभरांमागे सात माणसे अधिक वाचली, असा याचा अर्थ. आमच्या अतिदक्षता विभागातील शीतपेटीशेजारच्या कपाटात ही कुपी सदैव असावी, असा आमचा नियम आहे, आणि ती देणगीदारांच्या कृपेने असते.

आता प्रतिबंधाच्या गोळ्यांविषयी. पावसाळा लागला की काही पालक विचारतात, मुलांना आधीपासूनच हिवतापाची गोळी सुरू करावी का? रत्नागिरीत राहणाऱ्यांना त्याची आवश्यकता नाही. परंतु या जिल्ह्यातील अनेक घरांतील मुले व्यापारी जहाजांवर आहेत, कोणी नोकरीनिमित्त आफ्रिकेत आहेत. पश्चिम आफ्रिकेच्या बंदरांत फॅल्सिपेरमचा जोर मोठा. तेथे जाणाऱ्याने जाण्यापूर्वीच डॉक्टरांकडे यावे. सहा आठवड्यांपेक्षा कमी मुक्काम असल्यास डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम रोज. निघण्याच्या दोन दिवस आधी सुरू करून तेथून निघाल्यावरही चार आठवडे. मुक्काम लांबचा असल्यास मेफ्लोक्वीन आठवड्यातून एकदा. ते दोन आठवडे आधी सुरू करावयाचे आणि परतल्यावर चार आठवडे घ्यावयाचे. अपस्मार किंवा मानसिक विकार असलेल्यांना मेफ्लोक्वीन चालत नाही. गरोदर स्त्रिया आणि आठ वर्षांखालील मुले यांना डॉक्सिसायक्लिन चालत नाही. म्हणून मित्राच्या पेटीतील गोळी घेऊन निघू नये.

परतल्यावर चार आठवडे कशासाठी, हा प्रश्न खलाशी नेहमी विचारतात. बंदर सुटले, डास मागे राहिले, मग गोळी का? कारण ही औषधे जंतूला शरीरात शिरू देत नाहीत असे नाही. जंतू यकृतातून रक्तात उतरला की त्याला ती गाठतात. अखेरच्या रात्री चावलेल्या डासाचे जंतू यकृतातून बाहेर पडेपर्यंत बोट मुंबईच्या वाटेवर असते. त्या वेळी रक्तात औषध असावे लागते. घरी आल्यावर सगेसोयरे भेटायला येतात, फराळ होतो आणि गोळी नेमकी याच चार आठवड्यांत सुटते. येथे उपस्थित असलेल्या माता-भगिनींना आमची विनंती आहे की घरी परतलेल्या खलाशाला पहिल्या दिवशी मासळीच्या ताटाबरोबर ही आठवण करून द्यावी. आणि परतल्यानंतर तीन महिन्यांत केव्हाही ताप आला तर डॉक्टरांना प्रथम हे सांगावे की हा माणूस आफ्रिकेतून आला आहे. हे एक वाक्य न सांगितल्यामुळे साधा फ्लू समजून दोन दिवस गेलेले रुग्ण आम्ही बेशुद्धावस्थेत पाहिले आहेत.

लसीविषयी विचारणा होते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणाऱ्या आर-२१ या लसीस जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली मान्यतेची शिफारस केली. ती प्रामुख्याने आफ्रिकेतील बालकांसाठी, फॅल्सिपेरमविरुद्ध आहे. आपल्या व्हायव्हॅक्सवर तिचा उपयोग नाही. तूर्त आपल्यासाठी गोळ्याच आहेत.

आता रुग्णालयाने काय केले ते सांगून थांबतो. जुने पाकीट आम्ही बंद केले आहे. त्याऐवजी एक कार्ड तयार केले आहे. त्यावर चौदा चौकोन आहेत; रोज गोळी घेतली की एका चौकोनावर फुली मारायची. ज्या चौकोनापाशी बहुतेकांचा ताप गेलेला असतो, त्या चौथ्या चौकोनाखाली ठळक अक्षरांत 'ताप गेला तरी गोळी चालू ठेवा' असे छापले आहे. मागच्या बाजूस लघवीच्या रंगाची सूचना, आमचा दूरध्वनी क्रमांक आणि 'उरलेली गोळी दुसऱ्यास देऊ नये' हे वाक्य. कार्ड मराठी आणि हिंदीत आहे; बागांतील राखणदारांसाठी ते नेपाळीतही छापावे, असा विश्वस्तांपुढे प्रस्ताव आहे. सातव्या आणि चौदाव्या दिवशी परिचारिका रुग्णाला दूरध्वनी करतात. समुद्रात गेलेल्याचा फोन लागत नाही. त्याच्यासाठी तांडेलाचा किंवा बंदरावरील ओळखीच्या दुकानदाराचा क्रमांक आम्ही लिहून घेतो. या कामासाठी अर्धवेळ एक परिचारिका आणि जी-सिक्स-पीडी तपासणीचे साहित्य यांचा खर्च पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात वेगळा दाखवला आहे. गोळ्यांना फारसा खर्च नाही. सरकारी आरोग्य केंद्रांतून त्या विनामूल्य मिळतात. खर्च आहे तो गोळी रोज पोटात जाते की नाही, हे पाहण्याचा.

कार्डे औषध देण्याच्या खिडकीवर ठेवली आहेत. ज्यांच्या घरचे कोणी बोटीवर, बागेत किंवा मुंबईस असेल, त्यांनी जाताना एक-एक घेऊन जावे.